हिवरखेडची चिनी बाई

छप्पन सालच्या गॅदरिंगसाठी शेषराव सरांनी नववीच्या वर्गाला फर्मान सोडलं, "विषय आजचा चीन. रेडिओवर लागतो तसा कार्यक्रम करायचा."

हिवरखेडात चिनी माणूस कुणी पाहिला नव्हता. तरी धर्मपालनं बातम्या घेतल्या, मैनानं गाणं, आणि जमुनाच्या वाट्याला आली चिनी शेतकरी बाईची मुलाखत. सरांच्या मासिकातून तिनं शुद्ध भाषेत उत्तरं लिहून काढली. शाळेतला हा तिचा शेवटचा उद्योग होता. फाल्गुनात लग्न उरकायचं असं वडिलांनी, खुशालरावांनी, ठरवलं होतं. आणि त्यांच्यापुढं जमुनाच्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता.

कार्यक्रम नेमका बाजाराच्या दिवशी आला. भोंगेवाल्या नत्थुजीनं पाहिलं, शाळेपुढं मूठभर पोरं, अन तिकडं अख्खा बाजार. आपलीही जाहिरात होईल म्हणून त्यानं कडुनिंबावरचा भोंगा गुपचूप बाजाराकडं वळवला.

आत बंद खोलीत गाणं संपवून मैना घटाघटा पाणी प्यायली आणि उरलेला लोटा जमुनाच्या कागदावर कलंडला. सगळा चीन शाईत वाहून गेला. तेवढ्यात धर्मपालनं माइकवर विचारलंसुद्धा, "चीनहून आलेल्या ली-बाई, आपण शेतात काय पेरता?"

जमुनाच्या तोंडाला आलं ते निघालं, "कपाशी पेरतो, तूर पेरतो. औंदा पानी दगा देऊन राह्यला, बाप्पा!"

"आणि... जेवता काय?"

"भाकर अन बेसन."

"म्हणजे चिनी भाकर," धर्मपालनं सावरलं. "तिकडं मुली काय करतात?"

आता जमुनाला जोर चढला. "टॅक्टर चालवते! माही पोरगी मॅट्रिक झाल्याबिगर मी तिचं लगन करत नाई. कोनी घाई केली, तं त्यालेच औताले जुंपतो!"

बाजारात तराजू थबकले. थोड्या वेळानं सरपंच पंजाबराव हार घेऊन शाळेच्या दारात, मागं निम्मा बाजार.

"कोठी हाये चिनी बाई? काय आपली भाषा शिकली हो!"

शेषराव सरांना खरं सांगण्याचा धीर होईना. "गेल्या त्या."

"येवढ्यात? मोटर तं संध्याकाळी हाये!"

"छकड्यानं गेल्या."

"चीनले? छकड्यानं?"

"अकोल्यापर्यंत," सर म्हणाले. गर्दी हार घेऊन अकोल्याच्या रस्त्यानं पळाली. माइकच्या टेबलाखाली दडलेल्या जमुनानं दाराच्या फटीतून पाहिलं, सगळ्यांत पुढं धोतर सावरत खुशालराव धावत होते. ती टेबलाखालून निघाली ती थेट घरी.

दिवेलागणीला खुशालराव धुळीनं माखून परतले. "नाई सापडली," ते बायकोला म्हणाले. "पन काय बोलली थे बाई!"

पार्वताबाई भाकर थापता थापता म्हणाली, "आवाज तं मले आपल्या जमुनासारखा लागला."

"ह्यॅट! थे कोठी अन हे कोठी? हिले घरात दोन शब्द बोलता येत नाई." खुशालरावांनी पोरीकडं पाहून मान हलवली. "लगन राहू दे सध्या. मॅट्रिकपर्यंत शिकव हिले. त्या बाईच्या निम्मी हुशार झाली, तरी पुष्कळ."

"हो, बाबा," जमुना अगदी हळू म्हणाली.