बॉबीराव व ओवीबाई यांजमधील फाटकाची हकीकत

ग्रामदेवतेस नमन करून आणि घरातील थोरामोठ्यांची क्षमा मागून, कडोली मुक्कामी शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे मोठे राजकारण जाहले त्याचा साद्यंत मजकूर येथे लिहिला असे. ज्यांचे घरी एक रांगते मूल आणि एक भाकरी खाणारे कुत्रे ऐसी दोन दौलती एका छपराखाली नांदतात, त्यांस उपयोगी पडावा इतकाच हेतू. पदरचे काही घातले नाही.

कडोली गावी भावकू आप्पा म्हणोन मातबर असामी. वय वर्षे सासष्ट, आवाज खडा, कोबी-बटाट्याचे दोन एकर रान, आणि गावच्या साहित्य संमेलनात जेवणाच्या पंगतीचा कारभार दरसाल त्यांजकडे. घरात कुटुंब यशोदाबाई, आणि उंबऱ्याच्या चौकीस बॉबीराव. हे बॉबीराव नऊ वर्षांमागे मुधोळ जातीचे म्हणोन मोठ्या डौलाने पिशवीतून आणविले, आणि अंगाने वाढीस लागता कळो आले की निम्मे मुधोळ खरे, उरले निम्मे कोण ते कोणासच ठाऊक नाही. परंतु इमानात खोट नव्हती. रानात वानरे हाकलावी, सांजेस आप्पांच्या चपलांवर हनुवटी टेकून पडावे, आणि दोनप्रहरी सोप्यात ताटलीतील दूधभाकरी खावी, ऐसा नेम. आप्पांचा जीव त्यांजवर इतका की स्वतःचा चहा मागाहून, आधी बॉबीरावांचे पाणी भरावयाचे.

आप्पांचे चिरंजीव सौरव आणि सूनबाई रचना ही उभयता नोकरीनिमित्त बेळगावी राहत. त्यांची कन्या ओवी, वय चौदा महिने, धरून चालणार, सोडली तर रांगणार, आणि दिसेल ते आधी हातात मग तोंडात घेणार. बेळगावात ज्या पाळणाघरी ती असे त्याच्या बाई लेकीकडे परमुलखी गेल्या आणि दारास कुलूप पडले. मग मसलत ठरली की ओवीबाईसाहेबांनी दिवसभर आजीआजोबांपाशी कडोलीस रहावे, सांजेस आईबापांनी न्यावे, आणि मूल रुळेतोपर्यंत रचनाबाईंनी आठ दिवसांची रजा काढून तेथेच मुक्काम करावा. हे वर्तमान येता आप्पांस आनंद मावेना. नात सणावारी घटकाभर दिसे, ती आता रोज. गावात तिघांनी पुसले म्हणोन सांगितले, आणि चौथ्याने पुसले नव्हते, त्यासही सांगितले.

रचनाबाई उंबरा ओलांडताच बॉबीरावांकडे पाहोन थबकल्या आणि कुत्र्याचे काय, म्हणोन अदबीने पुसते जाहल्या. आप्पा हसले.

"आगं, त्यो मुंगीला बी चावत न्हाय. नऊ वर्सं सांभाळलोय मी. तू कशाला काळजी कराय लागलीस?"

दुसरे दिवशी दोनप्रहरी आप्पा खुर्चीत वर्तमानपत्र वाचीत, रचनाबाई स्वयंपाकघराच्या दारी, आणि सोप्याच्या कोपऱ्यात बॉबीराव जेवीत असता ओवीबाईसाहेबांनी चटईवरून कूच केले. कोणास वर्दी नाही, नगारा नाही, गुडघ्यांचा आवाजही नाही. थेट ताटलीपाशी जाऊन त्या बैसल्या. बॉबीरावांनी खाणे थांबविले, अंग ताठ केले, आणि मान ताटलीवर तशीच ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरे दाखविले. हा पहिला खलिता. बाईसाहेबांस तो वाचता आला नाही. मग घशातून गुरगुर निघाली, हा दुसरा. बाईसाहेबांस वाटले मोटार आली, म्हणोन त्यांनीही "भुर्र" ऐसा जबाब केला, आणि हात दुधात घातला. तेव्हा दात हवेत वाजले, कोवळ्या बोटांपासून चार अंगुळांवर.

रचनाबाई कोणत्या वाटेने आल्या ते कोणी पाहिले नाही. मूल उचलले गेले, ताटली उलटली, दूध उंबऱ्यापावेतो वाहिले, आणि ओवीबाई दचकून मोठ्याने रडू लागल्या. रक्त नाही, ओरखडा नाही. परंतु आप्पा वर्तमानपत्र टाकून उठले. नऊ वर्षांचा शब्द सर्वांदेखत खोटा पडला ही लाज, आणि चार अंगुळे इकडेतिकडे होती तर काय जाहले असते ही भीती, दोन्ही एकदम अंगावर आल्या आणि त्यांनी चप्पल उगारली.

"आप्पा, मारू नका त्याला!" रचनाबाई मूल कडेवर घेऊन मध्ये उभ्या राहिल्या.

"मारू नको? माझ्या नातीवर दात काढला त्यानं!"

"काढला, पण आधी दोन वेळा सांगितलं त्यानं. आपलं लक्ष नव्हतं. आज गुरगुरला म्हणून मारलात, तर उद्या गुरगुरायचं सोडेल आणि न सांगता चावेल. मग आपल्याला कळणार कसं?"

आप्पांची चप्पल खाली आली. बॉबीराव शेपूट पोटाशी घेऊन कणगीमागे जाऊन बैसले.

सांजेस सौरव आले आणि त्यांनी फर्मान काढले की कुत्रे सांबरे गावी नागोजीमामांच्या रानात धाडावे, नाहीतर ओवी उद्यापासून येणार नाही, तिसरी वाट नाही. ते खुद्द आप्पांचेच पुत्र, आवाजही तोच, म्हणोन घरात दोन तोफा समोरासमोर लागल्या आणि कोणीच डागीना. आप्पा ताटावरून उठोन अंगणात जाऊन बैसले. कुत्रे धाडले तर घराचा उंबरा सुना, आणि नात गेली तर घरच सुने. यशोदाबाई पाठोपाठ आल्या आणि म्हणाल्या, "कुत्रं तुमचं आणि नात माझी एकटीची हाय व्हय? उटा, जेवा. उपाशी बसून वाट सापडत न्हाय."

वाट सापडली ती रचनाबाईंस. कणगीमागून बॉबीराव उठताना त्या निरखून पाहत होत्या. मागचा उजवा पाय आधी झटकला, मग टेकला, मग अंग सावरले.

"आप्पा, हा असा लंगडतोय कधीपासनं?"

"थंडी पडल्यापासनं. वय झालं त्याचं."

"दुखतंय त्याला. उद्या डॉक्टरांना दाखवू. तोवर दोघांना एका खोलीत ठेवायचं नाही. आणि अहो, आठ दिवस द्या मला. आठव्या दिवशी पटलं नाही, तर मीच ओवीला घेऊन बेळगावला येते."

सौरवांनी मुलीकडे पाहिले, कुत्र्याकडे पाहिले, बापाकडे मात्र पाहवले नाही, आणि आठ दिवसांची मुदत मंजूर केली.

दुसरे दिवशी बॉबीरावांची स्वारी, सोबत आप्पा आणि यशोदाबाई, भाजीच्या गाडीत बैसोन जनावरांच्या डॉक्टर पूर्णिमाबाई यांजकडे रवाना जाहली. त्यांनी पाठीवरून हात फिरवीत खुब्यापाशी अंमळ दाबले, तो बॉबीराव केकाटले. सांध्यांचे दुखणे, ऐसे निदान जाहले. गोळ्या लिहून देऊन पूर्णिमाबाई आप्पांस म्हणाल्या, "आप्पा, तुमची कंबर धरलेली असताना कोणी तुमच्या ताटात हात घातला, तर काय कराल?"

याचा जबाब यशोदाबाईंनीच दिला. "मागच्या म्हयन्यात मी नुसतं मीठ वाढाय गेल्ते. काय बोलले ते सांगू व्हय?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि मग चार गोष्टी ताकीद करून सांगितल्या. बॉबीरावांचे जेवण बंद दाराआड, एकांती. निजले असता कोणी उठवावयाचे नाही. मूल त्यांजवर ओणवे पडणार नाही, गळ्यास मिठी घालणार नाही, कान-शेपूट ओढणार नाही. आणि दोघे एके ठायी असता एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर, डोळे मुलावर, मोबाइलवर नव्हे. कुत्रा कितीही गुणाचा असो, लहान मुलासह एकटा सोडावयाचा नाही. आणि जेथे माणूस उठोन जाणार तेथे मध्ये फाटक पाहिजे.

फाटक हा शब्द कानी पडताच आप्पांच्या अंगी वीरश्री संचारली. फार दिवसांनी त्यांस हाताने करावयाचे काही काम लाभले होते. त्यांनी जातीने सोपा आणि माजघर यांमधील दार मोजले, पुन्हा मोजले, आणि वेल्डिंगवाले परशराम यांस पाचारण करून मजबूत फाटक फर्माविले. परशराम "आयतु आप्पा, झालंच समजा, परवा घ्या," म्हणोन गेले, आणि बोलल्याप्रमाणे तिसरे दिवशी फाटक घेऊन आले. आडव्या सहा सळया, हिरवा रंग, वर कमान, आणि कोणी न सांगता मध्यभागी एक मोर. आप्पांनी नारळ वाढविला, कुंकू लाविले, फाटक चढविले, शेजारीपाजारी पाहावयास आले.

ओवीबाईसाहेब चटईवरून पाहत होत्या. त्या सावकाश आल्या, पहिल्या सळईवर पाय ठेविला, दुसरीस हात घातला, मग दुसरीवर पाय आणि मोराच्या मानेस हात, आणि मंडळी कौतुकाने टाळ्या पिटीत असता बाईसाहेब तिसऱ्या सळईवर उभ्या राहोन पलीकडे वाकल्या. रचनाबाईंनी कमरेस धरले म्हणोन बरे.

"परशा, फाटक सांगटलं तर शिडी केलास की रं!"

"आप्पा, बाळ चढतंय म्हनून कुटं सांगटलासा?" परशराम म्हणाले, आणि यात त्यांचेही चुकले नव्हते.

मोर्चा फसला तरी आप्पा खचले नाहीत. दुसरे फाटक उभ्या सळयांचे ठरले. दोन सळयांत डोके शिरता कामा नये, म्हणोन रचनाबाईंनी टेप धरून अंतर लिहून दिले, आणि आप्पांनी कागद बाजूस ठेवून स्वतःची तीन बोटे परशरामांस दाखविली, तो अंतर तेच निघाले. कडी बाहेरच्या बाजूस, उंचावर, एका हाताने उघडणारी. मोर यावेळी दाराच्या चौकटीवर गेला, कारण परशराम तो सोडावयास राजी नव्हते. सहावे दिवशी फाटक उभे राहिले. ओवीबाईंनी हलवून पाहिले, चाटून पाहिले, पाय ठेवावयास जागा मिळेना, मग रागाने बुडावर बैसल्या. पलीकडे कोठीच्या खोलीत बॉबीरावांनी नऊ वर्षांत प्रथमच दार लावून, कोणाची नजर नसता, निवांत दूधभाकरी खाल्ली आणि ताटली लखलखीत केली.

परंतु फाटकाहून अवघड काम राहिले होते, ते आप्पांचे. त्यांच्या तोंडी "मी हाय की हितंच" हा शब्द बसलेला, आणि पाय मात्र कधी अंगणात, कधी रस्त्यावर. दोन दिवसांत तीनदा त्यांनी कडी उघडी टाकिली, आणि तिन्ही वेळा यशोदाबाईंनी ती लावून नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिले की आप्पांनी वर्तमानपत्र उघडिले. एकदा ते स्वतःशीच पुटपुटले की नऊ वर्षे कडीवाचून गेली. आणि लगेच त्यांस हवेत वाजलेले ते दात आठवले.

मग आठवा दिवस उजाडला. गोळ्यांनी बॉबीरावांच्या खुब्यास आराम पडला होता, आणि सकाळी ते आपण होऊन सोप्यात आले. आप्पा चटईवर, ओवीबाई मांडीवर. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मुलाने कुत्र्याकडे जावयाचे नाही, यावयाचे तर कुत्र्याने यावे. बॉबीराव आले, ओवीबाईंची टाच हुंगली, आणि कुशीवर लवंडले. आप्पांनी नातीचा तळवा आपल्या तळव्यात उघडा धरिला आणि बॉबीरावांच्या पाठीवरून तीन वेळा हळू फिरविला, आणि थांबले. बॉबीराव निघोन जाते तर जाऊ द्यावयाचे होते. ते गेले नाहीत. उलट अंग अंमळ सरकवून हाताशी आणिले. मग पुन्हा तीन वेळा.

इतक्यात ओसरीवरचा फोन वाजला. कोबीच्या व्यापाऱ्याचा, चार दिवसांपासून ज्याची वाट होती तो. आप्पा सवयीने नातीस चटईवर ठेवून उठले. "मी हाय की हितंच," ऐसे म्हणोन दोन पावले टाकिली. तिसऱ्या पावलास थांबले. माजघरातून रचनाबाई पाहत होत्या, धावावयास एक पाय उचललेला, परंतु हाक मारिली नाही. फोन वाजतच होता. आप्पा वळले, मागे आले, नातीस काखोटीस मारिले, फाटकापलीकडे नेऊन आजीच्या स्वाधीन केले, कडी लाविली, ओढून पाहिली, आणि मग ओसरीवर गेले. तोवर फोन थांबला होता.

रचनाबाईंनी तत्क्षणी सौरवांस कळविले की उद्या मी कामावर हजर होत्ये, ओवी कडोलीसच राहील, आणि कुत्राही.

सोमवारी आईबाप सकाळी मूल ठेवोन बेळगावी गेले. दोनप्रहरी रचनाबाईंच्या मोबाइलवर एक तसबीर आली. उभ्या सळयांच्या अलीकडे ओवीबाई दुलईवर निजलेल्या, पलीकडे बॉबीराव पोतडीवर निजलेले, आणि कोपऱ्यात तसबीर काढणाऱ्याचा अंगठा. खाली आप्पांनी एका बोटाने टंकून धाडिले होते:

"दोगं बी झोपल्यात. मी जागा हाय."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मृत कोणी नाही. जखमी एक, आप्पांचा अंगठा, फाटकाच्या कडीत सापडोन. मुलूख दोन्ही पक्षांकडे जैसा होता तैसा राहिला, फक्त मध्ये कडी आली. ही हकीकत घडली तैसी लिहिली, आणि लिहितेवेळी फाटक बंद होते.