आईची झोप आणि माझा तक्ता

गादी कशी निवडावी हे मला विचारा! वीस लेख वाचले होते मी. फोम, स्प्रिंग, काथ्या; कुशीवर झोपणाऱ्याला कोणती, पाठीवर झोपणाऱ्याला कोणती, मणक्याला आधार कुठे हवा, या सगळ्याचा रंगीत तक्ता करून पर्समध्ये ठेवला होता.

कारणही तसंच होतं. फाल्गुनात बाबा गेले आणि तेव्हापासून आईची झोप गेली. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरी ती रात्रभर छताकडे बघत पडायची आणि सकाळी चहात मीठ घालायची. मी माझ्या परीने दुःख करत होते, म्हणजे घर सुधारत होते. बाबांचा खडखडणारा पत्र्याचा कूलर बडनेऱ्याला त्यांच्या मित्राला, खुशालकाकांना, देऊन टाकला. आईच्या खोलीत आवाज न करणारा एसी बसवला. आता गादी तेवढी राहिली होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी आईला माझ्याकडे अमरावतीला आणलं आणि थेट राजापेठेतल्या गादीच्या दुकानात नेलं. बाहेरचं ऊन अजून डोळ्यांत होतं आणि आत सगळं पांढरं, मऊ. ढग खाली उतरवून कोणी ओळीने मांडावेत आणि त्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावाव्यात तसं!

"मावशी, पडून पाहा नं," दुकानातला विक्रेता रोहित म्हणाला.

"लोकाच्या दुकानात झोपू? लोकं काय म्हनतीन?"

"काही नाही म्हनत जी. चपला मी पाहतो."

आई पलंगाच्या कडेला, अर्धी जागा सोडून, आडवी झाली. पदर सारखा केला. मी तक्ता उघडला.

"आता कुशीवर वळ. खांदा दबतो का सांग."

मी तक्त्यावरून मान वर केली.

"आई?"

आई झोपली होती! अडीच महिन्यांनी, भर दुपारी, परक्या पलंगावर, लहान मुलीसारखी.

"ताई," रोहित घाबरून म्हणाला, "मावशीले ऊन त नाही लागलं?"

झालं! आमच्याकडे मे महिन्यात हा शब्द तोंडातून काढू नये. उशा बघायला आलेल्या पार्बताबाईंनी तो ऐकला आणि पिशवीतून कांदा काढला.

"फोडा हा! नाकाशी धरा!"

"अहो, झोपलीये ती."

"सुरुवातीले तसंच वाटते, बाई!"

कोणी कैरीचं पन्हं आणायला धावलं. शेजारचा रसवाला ओला टॉवेल घेऊन आला. काचेबाहेर दुचाक्या थांबू लागल्या. मी पलंगासमोर हात पसरून कबड्डीतल्यासारखी उभी! तेवढ्यात दुकानाचे मालक देवीदासभाऊ आले. त्यांनी आईकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि त्यांच्यातला व्यापारी जागा झाला.

"बाजूले व्हा सगळे! पाहा, एवढ्या गोंधळात माय कशी झोपली! याले म्हनते गादी!"

गर्दीच्या माना गादीकडे वळल्या. मग एक जण हळूच शेजारच्या पलंगावर पडला. दुसराही पडला. पार्बताबाई छातीवर कांदा ठेवून लवंडल्या. कोपऱ्यात एक जुना कूलर घरघरत होता, त्याच्या जाळ्यांतल्या ओल्या गवताचा वास येत होता. मीही आईने सोडलेल्या अर्ध्या जागेवर टेकले. जरा वेळच. डोळे मिटले तर बाबा दिसले. दिवसभर भाजीबाजारात ओरडून आलेले, बनियनवर, बादलीने कूलरमध्ये पाणी ओतत होते. पाणी ओततच होते आणि कूलर काही केल्या भरत नव्हता...

खट्! लाइन गेली. कूलर थांबला.

आई ताडकन उठून बसली. तिचा हात शेजारी चाचपडत माझ्या तोंडावर आला.

"काहून थांबले जी?"

"कोण, आई?"

तिने माझ्याकडे पाहिलं. झोपलेल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे.

"कूलर म्हनतो मी," ती हळू म्हणाली. "तुह्या बाबाचं घोरनं आन् कूलर संगच चालत. एक जरी थांबलं त मले जाग ये."

"मग मी कूलर दिला तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू हौसेनं एसी आनला व. तक्ते करून राहिली होती."

मी तक्त्याची घडी घातली आणि खुशालकाकांना फोन लावला.

"वापस? अवं पोरी, कालच नवीन गवत लावलं त्याले!"

काका दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी स्वतःच टेम्पोत बसून कूलर अकोल्याच्या घरी घेऊन आले.

आई आता तिच्या जुन्याच कापसाच्या गादीवर गाढ झोपते. नवी गादीही आलीच. देवीदासभाऊंसमोर नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ती आईच्या खोलीतच टाकलीय. सुटीला अकोल्याला गेले की मी तिच्यावर पडते. अगदी तक्त्याप्रमाणे आहे. मणक्याला आधार, खांदा दबत नाही. फक्त त्या कूलरच्या खडखडाटात माझा डोळा लागत नाही!

दुपारी पाणी संपलं की तो खरखरायला लागतो. मी बादली घेऊन उठते. आई झोपेतच पुटपुटते, "सांडू नका जी."

आणि मी, बाबांसारखंच, अर्धी बादली फरशीवर सांडते.