विश्वपुशाचा आसन क्रमांक

आई-बाबा सोडले तर मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो सदाशिव नीळकंठ आगटे यांचा. राहणार नारायण पेठ, वय चौऱ्याहत्तर, परीक्षा घेणाऱ्या एका कार्यालयातून निवृत्त झालेले कारकून. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते विश्वाचा नाश करणाऱ्या एका देवाचे दोन गुण कापत होते.

मी उमरखेडचा. बाबा बाजारात हमाली करतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. रसायनशास्त्राच्या पदवीसाठी पुण्यात आलो, तेव्हा वर्गातल्या एकाने सांगितलं की आगटेकाकांकडची मागची खोली नेहमी रिकामी असते. नेहमी का, हे त्याने सांगितलं नाही.

दार उघडंच होतं. मी म्हटलं, "काका, खोलीबद्दल विचारायचं होतं."

"बसा. बोलू नका. बेरीज चालू आहे."

मी पेटीवर बसलो. समोर लाल कापडी पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर, शेजारी इंग्रजी कॉमिक्सचा ढीग. पाच मिनिटांनी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "इंग्रजी वाचता येतं?"

"अडखळत येतं."

"अडखळत चालेल. अडखळणारा माणूस ओळ गाळत नाही. आजपासून राहा."

त्याचं असं झालं होतं. पेठेतलं एक वाचनालय बंद पडलं तेव्हा काकांनी रहस्यकथा समजून एक खोका उचलून आणला. वर चार रहस्यकथा निघाल्या आणि खाली तीनशे कॉमिक्स. घट्ट कपडे घालून उडणाऱ्या, चोर पकडणाऱ्या लोकांत काकांना रस नव्हता. "ही पोलीस खात्याची कामं," ते म्हणायचे. त्यांना रस होता तो त्या उडणाऱ्यांच्याही वर बसलेल्या मंडळींत. ही मंडळी ताऱ्यांना नावं ठेवतात, काळ उलटा फिरवतात आणि कंटाळा आला की एखादं विश्व मोडून टाकतात. अडचण एवढीच होती की त्यातले तब्बल अकरा जण स्वतःला सर्वशक्तिमान म्हणवून घेत होते.

"सर्वशक्तिमान अकरा जण कसे?" काका विचारायचे. "यादीत पहिला एकच असतो. इथे कुणीतरी निकालात घोळ घातलाय."

नोकरीत त्यांनी पंचवीस वर्षं गुणवत्ता याद्या केल्या होत्या. मग निवृत्तीनंतर त्यांनी या देवांची रीतसर परीक्षा घ्यायला सुरुवात केली. चार पेपर, प्रत्येकी शंभर गुण: निर्मिती, नाश, अमरत्व आणि दुरुस्ती. इंग्रजी नावं रजिस्टरात शोभत नाहीत म्हणून प्रत्येकाचं मराठी बारसं झालं. विश्व फडक्याने पुसून टाकणारा तो विश्वपुशा. काळाला ठिगळं लावणारा कालशिंपी. आणखी एक म्हातारबुवा होते. ते झोपलेले आहेत म्हणून जग चालू आहे, जागे झाले की संपलं. त्यांच्या नावापुढे काकांनी 'अनुपस्थित' लिहिलं होतं. "झोपलेल्याला गुण कशाचे देऊ?"

नाशाच्या पेपरात सगळेच नव्वदच्या वर. काकांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "नाहीसं करायला काय लागतं? आमचा शिपाई अख्खी फाइल नाहीशी करायचा. त्याला कुणी देव म्हटलं नाही."

दुरुस्तीच्या पेपरात मात्र झाडून सगळे नापास. हा पेपर काकांनी स्वतः काढलेला. स्वतःच्या हातून झालेली चूक देवाला सुधारता येते का, हा त्यातला एकमेव प्रश्न. "विश्व मोडलं, मग नवीन काढलं, असं लिहिलंय इथे. ठीक आहे. जुन्यातली माणसं कुठे गेली? त्यांचं काय केलं?" असं ते मलाच दरडावून विचारायचे, जणू मीच ती हलवली होती. चौथ्या पेपरात कुणी पास होईना, त्यामुळे पहिला क्रमांक रिकामाच होता.

कॉलेजात आमच्या कॉमिक्सवेड्या मुलांचा एक गट होता. त्यांतला एक जण मोठ्या उत्साहाने वाद घालायला आला. "काका, विश्वपुशा लिटरली ओम्निपोटंट आहे. विषयच संपला ना!"

"पान क्रमांक?"

"अहो, सगळ्यांना माहितीये ते."

"सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही. विसाव्या पानावर बघा. याच्या महालाचं दार अडकलंय आणि उघडायला दुसऱ्याला बोलावलंय. सर्वशक्तिमानाला दार लोटता येत नाही? या आता. पान सापडलं की परत या."

तो परत आला नाही.

काकांची नजर अधू. म्हणून संध्याकाळी सात ते आठ मी मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी सांगितलेले गुण रजिस्टरात भरायचे, असा नेम ठरला. तो तीन वर्षं चालला. माझं इंग्रजी त्या एका तासात तयार झालं. शेवटच्या वर्षी चिपळूणजवळच्या एका रंगांच्या कारखान्याची मुलाखत होती. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, मिश्रण चुकलं तर काय होईल? मी सर्वनाश या अर्थाचे चार इंग्रजी शब्द एका दमात सांगितले. सुरक्षेची जाण चांगली आहे, असा शेरा मिळाला आणि माझी निवड झाली. अट एकच. एक जुलैला अंतिम गुणपत्रिका घेऊन हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्याला बोलावणार.

काका माझ्या परीक्षांची माझ्यापेक्षा जास्त धास्ती घ्यायचे. हॉलतिकीट तीनदा तपासायचे. पेपर देऊन आलो की पहिला प्रश्न, "पुरवणी बांधली का?" बांधली म्हटलं की, "गाठ मारलीस?" मारली म्हटलं की, "ओढून बघितलीस?" पेपर कसा गेला, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

आणि याच हॉलतिकिटाने घात केला. माझा आसन क्रमांक होता ४१७६२. काकांना ही पाच आकडी पद्धत पसंत पडली. "तुमच्या केंद्रावर ४१८०० च्या पुढचे क्रमांक मोकळेच आहेत. वाया कशाला घालवायचे?" असं म्हणून त्यांनी ते सगळे देवांना वाटून टाकले. विश्वपुशाला ४१८६२ मिळाला. त्याच्या गुणांवर सतत वाद व्हायचा, त्यामुळे मी रोज संध्याकाळी तो क्रमांक दोन-चारदा तरी लिहायचो.

निकाल लागला तेव्हा एक जुलैला बारा दिवस होते. मोबाइलवर सगळे विषय उत्तीर्ण होते, आणि भौतिक रसायन, अनुपस्थित.

मी तो पेपर दिला होता. तीन तास बसून, पुरवणी बांधून, गाठ ओढून बघून दिला होता. तेवढ्यात बाबांचा फोन. "लागला काय रे रिझल? मी पेढे सांगून ठेवले."

"लागतोय बाबा," मी म्हटलं. बाबांशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं.

काकांनी मोबाइल डोळ्यांपाशी नेऊन तो शब्द वाचला. मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "डोळे मीट. परीक्षेला बसलायस. घंटा झाली. क्रमांक लिही."

मी लिहिला. डोळे उघडले. कागदावर ४१८६२ होतं.

आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. पर्यवेक्षकांनी सही करताना तो पाहिला असेल किंवा नसेलही, पण लिहिला होता मीच. "काका, चूक माझी आहे," मी म्हटलं. उठून काकांनी कोट घातला. जून महिन्यात, पुण्यात, कोट.

कॉलेजच्या परीक्षा विभागात खिडकीपलीकडे एक बाई होत्या. त्यांनी संगणकात पाहून सांगितलं, "एक बेवारशी उत्तरपत्रिका आहे खरी. पण ४१८६२ हा क्रमांक आमच्याकडे कुणाचाच नाही."

"विश्वपुशाचा आहे," काका म्हणाले.

"आडनाव?"

"नाही त्यांना."

"परीक्षा फॉर्म भरलाय का त्यांनी?"

"नाही."

"मग परीक्षेला बसले कसे?"

"बसले नाहीत, तेच तर सांगतोय. त्यांच्या क्रमांकावर हा बसला."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा, म्हणजे तोतया उमेदवार म्हणायचं का? मग ते प्रकरण वेगळ्या खिडकीवर."

काकांनी शांतपणे काखेतलं रजिस्टर खिडकीतून आत सरकवलं. बाईंनी चार पानं उलटली, पाचवं वाचलं, सहाव्यावर थांबल्या. "हा कालशिंपी अमरत्वात चाळीसच?"

"एकदा मेलाय. पान एकोणीस."

"हं. लेखी द्या."

अर्ज काकांनी तिथेच बाकावर बसून लिहिला. 'सदर क्रमांक एका काल्पनिक दैवी व्यक्तीचा असून, उमेदवारास तो दररोज लिहिण्याची सवय असल्याने...' पुरावा म्हणून रजिस्टरातल्या चाळीस पानांच्या झेरॉक्स जोडल्या. प्रत्येक पानावर माझ्या अक्षरात ४१८६२. उत्तरपत्रिकेवरचं अक्षर त्याच्याशी ताडून समिती ठरवणार होती.

मग आम्ही रोज जायचो. अकरा वाजता बाकावर बसायचं, पाच वाजता उठायचं. बाई म्हणायच्या, "आजोबा, बसून समिती लवकर भरत नाही." काका म्हणायचे, "आम्ही समितीसाठी नाही बसलो. तुमचा पंखा चांगला आहे."

सातव्या दिवशी मी विचारलं, "काका, नाही झालं तर?"

ते म्हणाले, "माझ्या हातून एकदा एक पुरवणी सुटली. गठ्ठा सोडताना दोरा निसटला. गाठ नव्हती त्याला. मुलगी नापास झाली. तिसऱ्या आठवड्यात ती पुरवणी मला कपाटाखाली सापडली. बेचाळीस गुण त्यात. मी रजा टाकून एसटीने तिच्या गावी गेलो, दुरुस्त गुणपत्रिका घेऊन."

"मग?"

"लग्न लावून दिलं होतं तिचं. वडील म्हणाले, नापासच झाली, म्हटलं उरकून टाकू. त्यांनी गुणपत्रिका ठेवून घेतली. मला पाणी दिलं. चांगली माणसं होती." खिडकीकडे बघत ते म्हणाले, "गुणपत्रिका दुरुस्त झाली."

मला चौथा पेपर तेव्हा कळला.

एकोणतीस जूनला बाईंनी हाक मारली. समितीने अर्ज मान्य केला होता. पण झेरॉक्स चालणार नव्हती, मूळ रजिस्टर जमा करायचं होतं. "प्रकरणासोबत कायमचं राहतं. परत मिळणार नाही," त्या म्हणाल्या. या वेळी त्यांच्या आवाजात खोच नव्हती.

सात वर्षांचं काम. एकशे अठरा देव. मी म्हटलं, "काका, नको. मी पुढच्या वर्षी देईन पेपर."

"गप्प बस," ते म्हणाले आणि बाईंकडे वळले. "पोच मिळेल?"

बाईंनी पोच लिहून दिली. काकांनी ती डोळ्यांपाशी नेऊन दोनदा वाचली. "इथे 'एक जुने रजिस्टर' लिहिलंय. जुने खोडा."

बाईंनी खोडलं आणि शेजारी सही केली.

दुसऱ्या दिवशी गुणपत्रिका हातात आली. भौतिक रसायनात एकाहत्तर. बाबांना फोन केला तर नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. रात्रीच्या गाडीने निघायचं म्हणून मी संध्याकाळी पेटी भरत होतो. सात वाजले. काका सवयीने टेबलाशी येऊन बसले. पेनाचं टोपण काढलं. समोर मोकळं टेबल. त्यांनी टोपण परत लावलं आणि खरंच माहिती हवी असल्यासारखं मला विचारलं, "सात ते आठ लोक काय करतात रे?"

मी पेटीला कुलूप लावलं. दीड महिन्याने मी त्यांना हे पत्र पाठवलं.

ती. काकांना,
शि. सा. नमस्कार.

नोकरी ठीक चालली आहे. प्रत्येक नोंद तीनदा तपासतो. साहेब म्हणतात, हा फार सावकाश आहे. पण दुसऱ्यांच्या नोंदी तपासायला माझ्याच टेबलावर आणून ठेवतात.

फोनवर तुम्ही दर वेळी म्हणता की यादी संपली, आता निवांत आहे. तुम्ही निवांत आहात यावर माझा विश्वास नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला, वर्षाला, पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. तिचं वसतिगृह तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तुम्हाला न विचारता मी तिला तुमचा पत्ता दिला, त्याबद्दल क्षमा करा. तुम्ही मला वाटेत वाचायला दिलेली दोन कॉमिक्स तिने वाचली. विझलेला तारा फुंकर घालून परत पेटवणाऱ्या बाईला तुम्ही तिसावा नंबर का दिला, असं ती विचारते. मला कारण आठवेना. ती पान क्रमांक लिहून घेऊन येणार आहे. ती माझ्यासारखी ऐकून घेणारी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दुकानात नवीन रजिस्टर बघायलाही मी तिला सांगितलं आहे.

रविवारी चार वाजता येईल. घर सोडून ती कधी राहिलेली नाही. वरून भांडेल, पण पहिले काही दिवस मधेच रडू येईल तिला. अशा वेळी काय बोलावं ते तुम्हाला सुचणार नाही. मी आलो तेव्हाही सुचलं नव्हतं. काही बोलू नका. तिला समोर बसवा आणि मोठ्याने वाचायला सांगा.

आपला,
गजानन