डोंगाटोल्याचे उतारू

आमच्या डोमाजीसमोर ‘बुडणे’ हा शब्द काढायची सोय नव्हती. शाळा बुडाली म्हणा, धंदा बुडाला म्हणा, म्हातारा अंगावर आलाच. बालाघाटात आमच्या शेजारी राहायला आला त्याच दिवशी आमची ही अंगणात म्हणाली, “दिवस बुडाला, दिवा लावते.” कुंपणापलीकडून आवाज आला, “बुडाला नाही, बाई! दिस घरी गेला म्हना!”

डोमाजी जन्माचा नावाडी. राजेगावच्या खालच्या अंगाला, बाघ नदीच्या घाटावर डोंगाटोला नावाचं गाव होतं. डोंगा म्हणजे होडी, टोला म्हणजे वाडी. छप्पन साली राज्याची हद्द नदीतून गेली आणि डोमाजी अलीकडच्या राज्यातली माणसं पलीकडच्या राज्यात उतरवू लागला. “डोंग्याले काही समजलं नाही, बाबूजी. वल्हं तेच, पानी तेच.” घाटावर नाका आला, चहाच्या टपऱ्या आल्या, धानाच्या गाड्यांची रांग लागली. मग वरच्या अंगाला पूल झाला आणि डोंगा कायमचा काठाला लागला. लोक घरांची कौलं काढून घेऊन एकेक करून निघून गेले. गाव उठलं का, असं विचारलं तर डोमाजी म्हणे, “उठलं नाही. उतरून गेलं.”

बसमध्ये चढला की हा ओरडणार, “मधात बसा! सारे एका बाजूनं नोको!” कंडक्टर वैतागायचा, “दादा, ये नाव नहीं है.”

“म्हनून त भेव वाटते,” डोमाजी म्हणायचा.

दर आइतवारी तो डोंगाटोल्याला जाई. तिथे त्याची थोरली बहीण सखूबाई एकटी उरली होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. घाटावर येणाऱ्याला पाणी पाजणं हे तिचं जन्माचं काम. आता डोळे गेले होते. शेजारच्या टोल्यावरची भाची जेवण आणून द्यायची. “भिंत कलली, बाबूजी. हा पावसाळा निघत नाही. तुमी शिकलेले, तुमी समजावा,” म्हणत त्याने मला सोबत नेलं.

घाटावर चिटपाखरू नव्हतं. डोमाजी सखूबाईच्या दारातल्या आंब्यामागे गेला आणि जाड आवाजात म्हणाला, “अम्मा, पानी मिलेगा?” सखूबाई लगबगीने लोटा घेऊन आली. तो पाणी प्याला, आंब्याला वळसा घालून बाईचा बारीक आवाज काढत परत आला. मला हसू आवरेना.

“डोंगा भेटला का वक्तावर?” सखूबाईने विचारलं.

“हौ माय. डोमाजी मोठा भला मानूस हाय!”

मग तो आपल्या आवाजात म्हणाला, “बाई, चाल आता बालाघाटले.”

“कशी येऊ? पाह्य ना, किती लोकं येऊन राह्यले. त्याइले पानी कोन देईन?”

घाट संपला हे सांगायला डोमाजीची जीभ रेटत नव्हती, आणि तिला तिथे बांधून ठेवणारे उतारू त्याचेच होते. मला फार वाईट वाटलं. तो घागर घेऊन नदीकडे गेला.

तेवढ्यात सखूबाईने चाचपत माझा हात धरला. “बाबूजी, माहे डोळे गेले, कान नाही गेले. सारे आवाज त्याचेच हायेत, मले समजते. पन मी इथून गेली, त तो डोंगा कोनासाठी चालवीन?”