भालेरावांचं रूबार्ब

भालेरावांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, स्टीलचा चमचा असतो. सिंगापुरात क्लेमेंटीतल्या आमच्या ब्लॉकमध्ये हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. लिफ्टमध्ये गाठ पडली की एका हातातून डबी पुढे येते, दुसऱ्या हातातून चमचा. "जरा चाखून पाहा वैनी. खरं सांगा हं, तोंडदेखलं नको." माणसाला साखरेचा आजार आणि हौस गोडधोड करायची! स्वतः चाखायची सोय नाही, म्हणून जीभ आमची. चमचा दर वेळी धुतलेला असतो, एवढं मात्र कबूल करते.

भालेराव आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून राहतात. मूळचे नागपूरचे. चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासायचं त्यांचं काम. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. "हे तर सासूचं काम, आणि तेही पगारी," असं मी त्यांना तोंडावर म्हटलंय. ते खो खो हसले. बायको नागपुरात कॉलेजात शिकवते, मे महिन्याच्या सुट्टीत येते. बाकी वर्षभर भालेराव, त्यांचा इवलासा ओव्हन आणि आमची तोंडं. पदार्थ बिघडला की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "थोडक्यात हुकलं!" मग खाली कोळसा का उरला असेना.

आमच्या वरच्या मजल्यावर हेलन आजी राहायच्या. इंग्लंडहून तरुणपणी शिकवायला आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं, तो गेला तरी परत जायचं नाव काढलं नाही. वाक्यागणिक इथल्या लोकांसारखं 'लाह' लावण्यात माझ्या लेकीला, ईराला मागे टाकायच्या. एका ख्रिसमसला त्यांनी भालेरावांना पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यातून गरमागरम रूबार्ब क्रम्बल दिलं. रूबार्ब म्हणजे लालसर, आंबट देठं. ती खाली, साखरेत मऊ शिजलेली, आणि वर मैद्या-लोण्याचा खुसखुशीत चुरा. त्यांच्या आईच्या हातची जुनी रीत. भालेरावांनी ते आम्हालाच वाटलं, भांडं घासलं, आणि अडकले. शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं? दिलं चिवडा भरून.

हेलन आजींना वाटलं, ही या लोकांची काहीतरी रीत दिसते. त्यांनी भांडं केक भरून खाली धाडलं. भालेरावांनी करंज्या भरून वर नेलं. झालं! ते भांडं जे जिन्यात सुरू झालं, ते काही वर्षं थांबायचं नाव नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, दोघांपैकी कुणीतरी एकाने थांबा की!"

"अरे बाप्पा! रिकामं भांडं नेऊन देऊ? काहून? भांडण झालं का आमचं?"

मग कळलं, हेलन आजींचा मुलगा त्यांना कायमचं पर्थला नेणार, येत्या शनिवारी. आजींचे हात थरथरायला लागले होते, ओव्हन कधीचाच बंद होता. आणि भांडं नेमकं भालेरावांकडे. ते माझ्या दारात येऊन उभे राहिले, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. "वैनी, शेवटची खेप आहे. यावेळी चिवड्यावर भागवता येत नाही. जे भरून आलं होतं, तेच भरून गेलं पाहिजे."

आता सिंगापूरच्या उन्हात रूबार्ब कुठलं उगवायला! भालेराव सुपरमार्केटं पालथी घालत फिरले आणि एका गोऱ्यांच्या दुकानातून देठांची जुडी घेऊन आले, बाळ आणावं तशी कुशीत धरून. त्याच संध्याकाळी पहिला प्रयोग माझ्या दारात हजर. मी चमचा तोंडात घातला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. ईरा तर ओरडलीच, "अंकल, धिस वन व्हेरी सावर, लाह!"

"भालेराव, यात घातलंय तरी काय?"

"काही नाही. देठं सोलली, चिरली, चिंचेचा कोळ..."

"चिंच?"

"अळूच्या देठांना नाही का घालत आपण? घसा खवखवू नये म्हणून!"

कप्पाळ माझं! आधीच जिभेला झिणझिण्या आणणारी ती देठं, आणि वर चिंच. आमचे दात दोन दिवस आंबलेले होते. भालेराव म्हणाले, "थोडक्यात हुकलं!"

दुसऱ्या खेपेला चिंच गेली, पण वरचा चुरा गेला कामातून. मैद्यात लोणी पडलं की आपला हात थांबतो थोडाच? भालेरावांनी करंजीसारखा छान मळून घट्ट गोळा केला आणि लाटून वर पसरला. त्यावर हातोडी चालवावी लागली असती. शेवटी शनिवारी सकाळी उरलीसुरली देठं घेऊन माझ्या मोठ्या ओव्हनपाशी आले. मी त्यांच्या हातावर चापटी मारत राहिले, "मळू नका, नुसतं बोटांनी चोळा!" एका बाजूने जरा करपलंच. पण वास असा सुटला, की भालेराव ओव्हनपुढे हात जोडून उभे.

वर गेलो तर घरात सगळी खोकी बांधलेली. आजी खुर्चीत बसल्या होत्या. एक घास घेतला, मग दुसरा. चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कडेला करपलंय. माझी आईसुद्धा नेमकी इथेच करपवायची." भालेरावांचा श्वास तेव्हा कुठे सुटला.

निघताना आजींनी त्यांचा हात धरला. "मिस्टर राव, एक सांगते, रागावू नका. तुमचा चिवडा मला कधीच चावता आला नाही. खाली व्हॉइड डेकच्या मोकळ्या जागेत पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना देत होते."

"मला माहीत आहे," भालेराव हसून म्हणाले. "ते म्हातारे मला भेटले की म्हणतात, जरा तिखट कर."

टॅक्सी गेली. भांडं आजी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, क्रम्बलसकट. लिफ्टमध्ये मी विचारलं, "माहीत होतं, तर मग इतकी वर्षं कशाला चिवडा तळत बसलात?"

भालेराव लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. "भांडं द्यायला गेलं की त्या दार उघडायच्या, वैनी. आणि कधी माझी बेल वाजायची. शनिवार-रविवार माझ्याशी कोणी बोलत नाही हो. फोनवर बायको, तेवढीच." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. दोन दारं सोडून राहतो आम्ही, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मी आमटी केली, डबा भरला आणि त्यांच्या दारी गेले. बेलवर बोट ठेवते न ठेवते, तोच दार उघडलं.

"आमटी आहे," मी म्हटलं. "आणि डबा सावकाश द्या. रिकामा दिलात तरी चालेल."

"अरे बाप्पा!" भालेराव म्हणाले. "असं कसं चालेल? उद्याच येतो ना मी."