तुकोजीकाकांचं ओलं बोट

नवा शर्ट घालून तुकोजीकाकांसमोर गेलात की ते आधी बोट ओलं करतात. मग "बरा हाएस न्हवं?" असं विचारत तुमच्या शर्टाचं टोक चोळतात आणि बोट उजेडात धरतात. कोरं निघालं तर "पक्का! अष्टे, बास!" निळं निघालं तर दुकानदाराचा उद्धार. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचा शेलाही सोडला नव्हता.

काका म्हैसूरच्या बोगादी भागातले माझे शेजारी. घराणं मराठी रंगाऱ्यांचं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. धंदा गेला, बोट राहिलं.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलेला. हौसेने वसाहतीची वेबसाइट बनवली. प्रत्येक घराचं खातं, त्यात फोन, घर कधी बंद असतं, अडीअडचणीला कोणाला कळवायचं, सगळं. आठवडाभर मी कौतुक झेलत हिंडत होतो. शनिवारी सकाळी काका मोबाइल घेऊन आले.

"नोडप्पा, बघ बाबा, तुझा रंग सुटतो की रे."

त्यांच्या खात्याच्या वेब-पत्त्यात शेवटी चौदा होतं, त्यांचा घर नंबर. त्यांनी सहज तेरा केलं, आणि पासवर्ड न विचारता माझं खातं उघडलं. बदल करायच्या बटणासकट!

अख्ख्या वसाहतीने माझ्या भरवशावर माहिती दिलेली. कोणतं घर कधी बंद, हे चोराला आयतं मिळालं असतं.

"आणखी कोणाला सांगितलंत?"

"तुलाच. शर्ट तुझा न्हवं, अल्वा?"

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. पान मागणारा त्याच घरचा आहे का, एवढंच विचारायचं मी विसरलो होतो. काका शेजारी बसून सारखे तेरा घालून बघत होते. शेवटी पान उघडेना, तसे ओरडले, "पक्का!" माझा जीव भांड्यात पडला.

पण त्याआधी कोणी हात मारला असला तर? मी नोंदी तपासल्या. आठवडाभरात परक्या खात्यात घुसून एकच बदल झाला होता. चौदातून तेरात. माझ्या खात्यात.

मी वळून पाहिलं. काका एकाएकी माझ्या खिडकीच्या पडद्याचं टोक चोळायला लागले होते.

'अडीअडचणीला कोणाला कळवायचं' हा रकाना मी कोरा सोडला होता. या गावात लिहावं असं कोणी सुचलंच नव्हतं. आता तिथे काकांचं नाव होतं, नंबर होता. पुढे, नातं : घरचा.

"रिकामं होतं," काका पडद्याकडे बघत म्हणाले. "माझा फोन वाजतो कुठं? आला तर उचलतो की." मग हळूच, "काढणार काय ते?"

"राहू द्या, काका," मी म्हणालो. "पक्कं आहे."