गजूभाऊंचे चोवीस बाप

ज्या शहरात माणूस बोलायच्या आधी थुंकतो, त्या आमच्या नागपुरात गजूभाऊ नाकाडे रोज सकाळी सहा वाजता लोकांच्या दारात उभे राहायचे आणि हात जोडून म्हणायचे, "थुका ना जी."

आणि लोक नाही म्हणायचे! रस्त्यावर, भिंतीवर, सरकारी जिन्याच्या कोपऱ्यात बिनदिक्कत थुंकणारी माणसं, पण गजूभाऊंनी इवलीशी नळी पुढे केली की नव्या नवरीसारखी लाजायची. "असं कसं थुकाचं जी? बायको पाहून राहिली."

मी तेव्हा एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात मेश्राम मॅडमच्या संशोधनात मदतनीस होते. विषय होता घरातला ताण: आईबापाच्या डोक्यावरचं ओझं पाच-सात वर्षांच्या लेकरांपर्यंत कसं पोचतं. माणूस ताणात असला की शरीरात एक द्रव्य वाढतं आणि ते थुंकीत उतरतं. म्हणून सकाळी उठल्याउठल्या, चहा नाही, मंजन नाही, अशी थुंकी नळीत घ्यायची, बर्फात ठेवायची आणि प्रयोगशाळेत पोचवायची. हे काम गजूभाऊंचं. कागदोपत्री ते विभागाचे परिचर. त्यांच्या स्वतःच्या मते मात्र ते आणि मॅडम मिळून संशोधन करत होते आणि मी तिथे टायपिंगला होते.

त्यांच्या जुन्या स्कूटरच्या मागे थर्माकोलचा डबा बांधलेला असे. गल्लीतली पोट्टी कुल्फीवाला समजून मागे धावायची. वैतागून गजूभाऊंनी डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'कुल्फी नाही. थुंकी आहे.' त्यानंतर मोठी माणसंही मागे धावायला लागली.

कुणी जरा कुरकुरलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "मोजलं का? टेन्शन मोजल्याबिगर घ्याचं नाही." आमचे हेडक्लार्क एकदा पोरीच्या लग्नाच्या काळजीने डोकं धरून बसले होते. गजूभाऊंनी शांतपणे त्यांच्यापुढे नळी ठेवली. हेडक्लार्क आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

आणि गुप्तता! संशोधनात आलेल्या कुटुंबांची नावं बाहेर फुटू द्यायची नाहीत, असं मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते यांनी असं काही मनावर घेतलं की विचारू नका. कुटुंबांना ते नंबरानेच ओळखत. एकदा मी त्यांच्यासोबत सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात होते. समोरून नऊ नंबरची आई आली. हसून म्हणाली, "काय गजूभाऊ, बरे ना?" हे ढिम्म. "मी तुमाले वळखत नाही बाई." ती बिचारी ओशाळली. चार पावलं पुढे गेल्यावर हे मागे वळले, तिच्याजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी सहाले येतो. चहा पिऊ नका." वांगी विकणाऱ्या बाईने त्या दोघांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी जन्मात विसरणार नाही.

पण लेकरांकडून नमुना घ्यावा तर त्यांनीच. मुलांच्या तोंडाला भीतीने कोरड पडते. आंबट काही दिलं तर नमुना बिघडतो. म्हणून गजूभाऊ नुसतं बोलायचे. मांडी घालून बसायचे, डोळे मिटायचे आणि सुरू: "आवळा. हिरवागार. फोडला. मीठ लावलं. आता उलिसकं तिखट…" पोरगं नळीत लाळ गाळायचं, बाजूला उभी आई पदराने ओठ पुसायची आणि वही धरून बसलेली मी घोट गिळायची. आवळा जगात कुठेही नसे!

अडलं ते बापांपाशी. आमच्याकडे खर्रा म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या तुकड्यात घोट घोट घोटायचं आणि गालात ठेवायचं. खर्रा तोंडात असला की नमुना बाद. आणि आमच्या यादीतला बाप डोळे उघडायच्या आधी खर्रा टाकणारा! आया झाल्या, लेकरं झाली, बापांचा रकाना कोराच. शेवटी मॅडमनी तिथे लिहिलं: 'वडील उपलब्ध नाहीत.'

तो कागद फायलीला लावताना गजूभाऊंनी वाचला आणि तसेच मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"हे काय लिवलं मॅडम? बाप उपलब्ध नाही? बाप घरातच हाय! खाटेवर बसून राहिला. मी रोज त्याचे पाय वलांडून जातो."

"नमुने मिळत नाहीत ना गजूभाऊ," मॅडम म्हणाल्या. "निदान पंचवीस बाप हवेत. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत झाले तर बापांचं प्रकरण ठेवू. नाही तर ते गाळायचं आणि फक्त आयांवर लिहायचं."

"म्हंजे पोराच्या टेन्शनले एकटी मायच जिम्मेदार, असं छापून येईन?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. इतक्या चर्चासत्रांना जाऊन आल्या, पण हा प्रश्न त्यांना असा तोंडावर कुणी विचारला नव्हता.

"आनतो मी पंचवीस बाप," गजूभाऊ म्हणाले आणि स्कूटरला किक मारून निघून गेले. त्या दिवशी ऑफिसची दारं-खिडक्या मी बंद केल्या.

मग सुरू झाली बापांची धरपकड. गजूभाऊ साडेपाचलाच बापाच्या खाटेशेजारी स्टूल टाकून बसायचे. बापाने डोळा उघडला की समोर हे आणि हातात नळी. "पहिली थुंकी सायन्सची. मंग दिवसभर तुमची." एक जण दचकून खाटेवरून खाली पडला. दुसरा चिडला, "तुमाले काय समजते खर्ऱ्याची तलब?" त्यावर गजूभाऊ छाती पुढे काढून म्हणाले, "रोजचे आठ खात होतो. सोडला. दीड वर्स झालं." एका बहाद्दराने तर साळ्याची थुंकी भरून दिली. गजूभाऊंनी नळी उजेडात धरली आणि परत केली. "हे तुमची नाही."

"कशावरून?"

"तुमच्या तोंडातून एवढं साफ पानी निंगत असतं, तर बायको अशी लांब बसली असती का जी?"

बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने स्वतः फोन करून बोलावलं.

आणि मग एक गंमत झाली. खर्रा गालात असलेला माणूस बोलत नाही. तो मान वर करून 'उं' करतो, भुवया उडवतो, हाताने खुणा करतो. त्या एका सकाळी मात्र नळी भरेपर्यंत बापांची तोंडं रिकामी. रिकाम्या तोंडाने करायचं काय? बाप बोलायला लागले! एक आई मला म्हणाली, "ताई, आज पोरीच्या बापानं तिले विचारलं का तुही मैत्रीण कोन. पोरगी माह्याकडे पाहे, का सांगू का नाही." गजूभाऊंनी असं घराघरांत ऐकलेलं सगळं वहीत टिपलं, वेड्यावाकड्या अक्षरांत, आणि मॅडमपुढे ठेवलं. मॅडमनी ती वही दोनदा वाचली. त्यातूनच पुढे बापांच्या प्रकरणाचा गाभा तयार झाला. आमच्या यंत्रांनी, तक्त्यांनी जे पकडलं नाही ते विभागाच्या परिचराने पकडलं, आणि हे मी कुठेही, कुणाहीपुढे अभिमानानेच सांगते.

नमुन्यानंतर दुसरा भाग असे. बाप आणि लेकरू खेळण्यांच्या खोलीत दहा मिनिटं बसणार, आम्ही काचेच्या मागून बघणार. आमच्या बाजूने दिसायचं, त्यांच्या बाजूने नाही. तशी कल्पना त्यांना आधीच दिलेली असे. वेळ संपली की मी घंटी वाजवायची. एका लेकराने आत गेल्या गेल्या ठोकळ्यांची टपरी मांडली, तळहातावर काहीतरी घोटल्यासारखं केलं आणि बापापुढे धरलं, "घ्या, पप्पा." बापाचा चेहरा असा पडला की मी लिहायचं थांबले.

गजूभाऊंचं काम खरं तर दारापर्यंतच. पण प्रत्येक वेळी ते माझ्या मागे येऊन उभे राहायचे, काचेला नाक लावून. एकदा मी वैतागले. "गजूभाऊ, बाहेर फायली पडल्यात, इथे काय करता?"

"बापाईचं पाहून राहिलो ताई. कोन काय बोलते ते."

मला वाटलं, नसत्या चौकशा! तसं मी बोललेही. ते फायली उचलायला गेले.

एप्रिल संपत आला. चोवीस बाप झाले. पंचविसावा आयत्या वेळी सुरतला कामाला निघून गेला. उरला एक शनिवार. मॅडमनी विचारलं तर गजूभाऊ एवढंच म्हणाले, "आनतो."

शनिवारी ते आले ते एका मुलीला घेऊन. सातेक वर्षांची, दोन वेण्या, कडक इस्त्रीचा फ्रॉक. "हे माही पोरगी. गौरी. काटोलहून आनली सकाळच्या बसनं." गजूभाऊंची बायको-मुलगी काटोलला असतात हे आम्हाला माहीत होतं. तिकडची शाळा चांगली आहे म्हणून, असं ते सांगायचे. नागपूरचं लेकरू शाळेसाठी काटोलसारख्या छोट्या गावी कशाला जाईल, हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. घराघरांतले ताण मोजणारी मी!

मॅडम हळूच म्हणाल्या, "गजूभाऊ, विभागातल्याच माणसाचा नमुना धरता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मालूम हाय मॅडम. मीच तर सगळ्याईले नियम सांगत फिरतो. धरू नका." ते आपल्या चपलांकडे बघत राहिले. "फक्त खोलीत बसू द्या. शनिवारी रिकामी असते."

आल्यापासून माझ्याशी अखंड बडबडणारी गौरी व्हरांड्यात पाणी प्यायला गेली, तेवढ्यात त्यांनी मला सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. "गौरीची माय माहेरी गेली तवा पोट्टी चार वर्साची होती ताई. ती इचारे, मी मुंडी हालवो. तोंड कधी रिकामंच नोहतं. तिची माय म्हने, भिंतीसंगं संसार नाही होत. मंग खर्रा सोडला. तोंड रिकामं झालं, पन आतून काही निंगेच ना. काय बोलते बाप लेकरासंगं? म्हनून तुमच्या मागं उभा राहो. बाकीचे बाप काय बोलतात ते पाठ करो."

मी त्यांना काय काय बोलले होते ते आठवून मला माझीच लाज वाटली. 

"अन् तिच्या मायले म्हटलं, सायन्सचं काम हाय, एक दिवस पोरगी द्या," ते म्हणाले. "माह्यासाठी द्या, असं कसं म्हनू?"

मॅडमनी माझ्यासमोरच वहीत लिहिलं: 'वडील: चोवीस. प्रकरण ठेवावे.' आणि खोलीचं दार उघडून दिलं.

काचेतून आम्ही दोघी बघत होतो. सगळ्या नागपूरला थुंकायला लावणारा माणूस सतरंजीवर चोरासारखा बसला होता. गौरीने ठोकळे ओढले. मग तिने बापाची बाही ओढली, एका ठोकळ्याकडे बोट दाखवलं आणि भुवया वर केल्या. काही वेळाने पुन्हा तेच. मला आधी कळेना, बडबडी पोरगी मुकी का झाली? मग कळलं. बापाशी असंच बोलायचं असतं, एवढंच तिला माहीत होतं.

"लाल पाह्यजे का निळा?" गजूभाऊंनी विचारलं.

पोरीचा हात थांबला. "पप्पा, तुम्ही बोलून राहिले?"

"व्हय."

"मंग बोला."

आणि गजूभाऊंनी सुरुवात केली. शाळेत कोनासंगं बसतं? हा सहा नंबरच्या बापाचा प्रश्न. डब्यात काय नेतं? चौदा नंबर. अंधाराचं भेव लागते का? तो एकविसावा. चोवीस बापांकडून उसने घेतलेले प्रश्न ते एकेक करून विचारत होते, आणि गौरी भराभरा उत्तरं देत होती. मग पाठ केलेलं संपलं.  ते आपल्या हातांकडे बघत राहिले. गौरी त्यांच्याकडे बघत वाट पाहत होती.

"मी नोहतो तवा," ते म्हणाले, "तुले राग ये का वं माह्या?" हा प्रश्न आमच्या कुठल्याच बापाने विचारला नव्हता.

"हो," गौरी म्हणाली.

"लय?"

"लय." तिने ठोकळे बाजूला सारले आणि त्यांच्या समोर नीट मांडी घालून बसली. "सांगू का कवा कवा राग आला होता?"

"सांग."

ती बोटं मोजत सांगायला लागली. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी घंटीकडे हात नेला, तर मॅडमनी ती उचलली आणि आवाज होऊ न देता आपल्या पर्समध्ये टाकली.